पाऊण सूत

आर्णी रोडवर ‘ओ मिस्त्री’ म्हटलं की
दोन माना वळतात :
एक माझी, बॉनेटखालून,
एक कुडमेथेची, समोरच्या बांधकामावरून.
आज हाक मला होती.

प्रणित ढेंगळेची एस्टीम.
पांढरी होती कधीतरी, आता जांभळी,
स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापून आणलेली,
इतकी खाली की गतिरोधकावर पोट घासलं
की आवाज शाळेपर्यंत जातो
आणि पोरं वर्गातूनच ओरडतात : आली!

मागची चाकं वरून आत कललेली,
पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या वासराच्या पायांसारखी.
बाहेरून टायर लग्नातल्यासारखा कोरा.
हात आतल्या कडेला नेला
तर तार बोटात घुसली.

“दोन महिन्यांत, भाऊ. दुसरा जोड हाय हा.”
“मंग सरळ करून देऊ?”
“सरळ नको. थोडी दिसली पाहिजे.
पण टायर वाचले पाहिजे.”

अलाइनमेंटचं मशीन यवतमाळात,
तिथवर ही तार टिकायची नाही.
गुणवंतला पलीकडे पाठवलं,
कुडमेथेचा ओळंबा माग म्हणून.
ओळंब्यामागोमाग कुडमेथेही आला,
कानावर बिडी, कोपरापर्यंत सिमेंट.
परक्या हातात तो देत नाही ती वस्तू.

त्यानंच दोरा मडगार्डवरून सोडला.
पितळी लट्टू हलला, हलला,
थांबला.
दोरा खाली रिमला टेकलेला,
वर अठरा मिलिमीटरची फट.
तेरा इंची रिम, सहाला एक अंश धरायचा.
“तीन,” मी म्हणालो. “एक ठेवू.”

“एक काहून?” कुडमेथे उखडला.
“माह्या ओळंब्यानं मोजून वाकडं ठेवतं?
लोकं काय म्हणतीन?”

सांगितलं त्याला :
वळणावर गाडी बाहेर कलंडते,
तेव्हा आधीच थोडं आत झुकलेलं चाक
रस्त्यावर सपाट बसतं.
त्यानं कानावरची बिडी काढली,
पाहिली,
पुन्हा ठेवली.

शॉकअपच्या बुडाशी दोन बोल्ट, गंजून एकजीव.
गुणवंत पान्याला पाइप लावून लोंबकळला
तेव्हा वरचा सुटला, शिवी दिल्यासारखा.
गोल कानशीनं त्याचं भोक लांबवलं
पाऊण सूत.
आवळलं. जॅक काढला.
गाडी दोनदा मागे-पुढे ढकलली, चाकं बसू दिली.
फट : सहा.

मग सुचलं विचारायचं.
“मागं किती बसतात रे?”
“चार. कधी पाच.”

रिकाम्या गाडीचं माप कोणाच्या कामाचं?
मागच्या सीटवर कुडमेथे,
त्याच्या शेजारी रेवता आणि शालू,
घमेली तिथंच टाकून आलेल्या,
पुढे गुणवंत, डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या.
गाडी खाली बसली.
दोरा थेट दहावर.

पुन्हा उतरा, पुन्हा जॅक, पुन्हा कानस.
पुन्हा बसा.
तिसऱ्या खेपेला रेवता म्हणाली,
“नुसतं बसवता काय? फिरवून तरी आना.”
शालूनं आरशात पाहून
केसांतली वाळू झटकली.

ऊन उतरलं तेव्हा फट सहावर थांबली.
आतून आवाज : “किती?”
“सहा.”
“आन् मोकळी?”
“दोन.”

बराच वेळ काही नाही.
मग काच खाली करून,
शालूला ऐकू जाऊ नये अशा बेतानं :
“काळ्या मातीतली भित मीबी थोडी आत घेतो.
उन्हाळ्यात जमीन फाटते, मंग थे बाहेर जाते.
मालकाले सांगत नाई.”

प्रणितनं चावी फिरवली.
चौघंही उतरले नाहीत.
गतिरोधकावर पोट घासलं,
पण शाळा सुटलेली होती.
वळणावर मी फक्त मागचं उजवं चाक पाहत होतो.
बसलं. पूर्ण रुंदीनं बसलं.

ओळंबा माझ्या हातात राहिला होता.
तेवढ्यात समोरून मुकादम ओरडला,
“ओ मिस्त्री, सिमेंट कुठी गेलं?”
आणि या खेपेला
एकच मान वळली.